घरातील टीव्ही : दुरुस्त करावा की बदलावा?

संसारातील काही वस्तू अशा असतात की, त्या घेताना आपण चार जणांचा सल्ला घेतो. परंतु टाकताना कोणालाच विचारीत नाही. दूरचित्रवाणीचा संच ही त्यांपैकीच एक वस्तू होय. घेताना दुकाने पालथी घातली जातात, शेजाऱ्यांचे मत घेतले जाते, हप्त्यांचा हिशेब मांडला जातो. पुढे सहा-सात वर्षांनी एके दिवशी चित्र दिसेनासे होते, कोणी तरी ‘आता हा गेला, नवाच घ्या’ असे सांगतो, आणि तेवढ्या एका वाक्यावर घरातील दहा-पंधरा हजार रुपये खर्ची पडतात.

सिल्वासा व आसपासच्या खेड्यांतील आमच्या वाचक कुटुंबांना हा प्रश्न विशेष जवळचा आहे. मसाट, राखोली, आमली या बाजूच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसाच्या हाती दिवाळीच्या सुमारास बोनस येतो. नाताळही तेथून फार दूर नसतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत दुकानांच्या दारांवर ‘जुने द्या, नवे न्या’ असे फलक झळकू लागतात. त्या पैशांवर मुलांच्या शाळेची फी, छपराची डागडुजी, आजारपणाची तरतूद यांचाही हक्क असतो. तेव्हा टीव्ही खरोखर किती वर्षे चालतो, तो केव्हा दुरुस्त करावा आणि केव्हा टाकावा, याचा विचार संच बंद पडण्यापूर्वीच शांत डोक्याने करून ठेवणे बरे, असे आम्हांस वाटते.

थोडा मागोवा

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. त्याच सुमारास, म्हणजे १९५८ साली, पोप बारावे पायस यांनी असिसीच्या संत क्लेअर हिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री संत म्हणून घोषित केले होते. आजारपणामुळे मठातील खोलीत खिळून पडलेल्या त्या संतेला नाताळच्या रात्रीची उपासना तेथूनच दिसली व ऐकू आली, अशी परंपरागत कथा आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत ज्यांनी घरी बसून पडद्यावर मिस्सा पाहिली, त्यांना या निवडीचे मर्म वेगळे सांगावयास नको.

मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्याचा मोठा प्रयोग झाला. आणि आमच्या शेजारच्या गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथील क्षेपकावरून गावकऱ्यांसाठी त्यांच्याच भाषेत कार्यक्रम दाखविले जाऊ लागले. त्या काळी संच गावाचा असे. पंचायतीच्या किंवा शाळेच्या ओट्यावर तो मांडला जाई, आणि तो चालू स्थितीत ठेवणे ही त्या प्रयोगातील एक मोठीच जबाबदारी होती. खेड्यात यंत्र पोहोचविणे सोपे, पण ते चालते ठेवणे कठीण, हा धडा तेव्हाच मिळाला. तो आजही खरा आहे.

१९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्र आले. १९८४ साली तर काही महिने देशात जवळजवळ दररोज एक नवा क्षेपक उभा राहत होता. टेलिव्हिस्टा, वेस्टन, क्राउन, डायनोरा ही नावे त्या वेळच्या कुटुंबांना पाठ होती. लाकडी पेटी, पुढे सरकत्या झडपा, कौलांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना, आणि पोस्टातून घ्यावयाचा वार्षिक परवाना, असा तो थाट होता. ते संच पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे चालले. ‘जुने ते सोने’ असे म्हणणारे त्यांचाच दाखला देतात. परंतु त्या संचांवर दिवसाकाठी चार-पाच तासच कार्यक्रम असत, आणि ते वारंवार दुरुस्तही होत असत, हे विसरून चालणार नाही. ते टिकले यात बांधणीचा वाटा होता, तसाच कमी वापराचा आणि कुशल कारागिराच्या हाताचाही होता.

आयुष्य वर्षांत नव्हे, तासांत

टीव्हीचे वय वर्षांत मोजणे ही पहिली गैरसमजूत होय. खरे वय तासांत मोजावे लागते. आज बाजारात मिळणाऱ्या सपाट संचांत पडद्यामागे बारीक एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. त्यांनाच कारागीर बॅकलाईट म्हणतात. या दिव्यांचे आयुष्य सामान्यतः ३०,००० ते ६०,००० तास सांगितले जाते. ‘आयुष्य संपले’ याचा अर्थ दिवा विझला असा नसून, त्याचा उजेड मूळच्या निम्म्यावर आला, असा आहे.

आता हिशेब करून पाहू. एखाद्या घरी टीव्ही दररोज पाच तास चालत असेल, तर वर्षाचे १८२५ तास होतात. ३०,००० तास भरावयास सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल. परंतु तोच संच वापी रस्त्यावरील एखाद्या चहाच्या दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत चौदा तास चालत असेल, तर वर्षाचे ५११० तास होतील, आणि तो सहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच तेवढा झिजेल. म्हणून ‘अमक्याचा संच सहा वर्षांत गेला’ असे कोणी सांगितले, तर आधी तो दिवसाचे किती तास चालत होता, हे विचारावे.

कागदावरचा हा हिशेब असा सोळा वर्षांचा असला, तरी प्रत्यक्षात घरगुती सपाट संच साधारणपणे सात ते दहा वर्षांनी पहिले मोठे दुखणे काढतो, असाच सर्वसाधारण अनुभव आहे. ही तफावत का पडते, ते समजून घेतले म्हणजे संचाची निगा कशी राखावी, हेही आपोआप कळते.

पडद्याआड काय झिजते?

संचाच्या आत वीज सांभाळणाऱ्या पाटीवर छोट्या दंडगोलाकृती डब्या असतात. त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांत एक द्रव असतो व तो उष्णतेने हळूहळू सुकत जातो. तंत्रज्ञ एक ठोकताळा सांगतात : उष्णता दर १० अंशांनी वाढली की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. १०५ अंश सेल्सिअसला २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांत राहिला, तर सुमारे ३२,००० तास टिकेल; ७५ अंशांत राहिला, तर १६,००० तासच टिकेल. म्हणजे केवळ दहा अंशांच्या फरकाने निम्मे आयुष्य हरपते.

यावरून आमच्या घरांतील एक सवय किती घातक आहे, ते ध्यानात येईल. संचावर भरतकाम केलेला रुमाल किंवा प्लास्टिकचे आवरण घालण्याची हौस पुष्कळ घरांत असते. संच बंद असताना त्याने धूळ अडते, हे खरे. परंतु संच चालू करतानाही मागची जाळी झाकलेलीच राहिली, तर आतली ऊब बाहेर पडण्यास वाट राहत नाही. फडताळाच्या घट्ट कोनाड्यात कोंबलेल्या संचाची गतही तीच होते. मागे व वर किमान चार बोटे मोकळी जागा ठेवावी. चुलीच्या किंवा शेगडीच्या भिंतीला पाठ लावून संच मांडू नये.

दुसरी गोष्ट त्या दिव्यांची. पट्टीतील दिवे एकामागून एक जोडलेले असतात. त्यांतील एक दिवा जळाला की सगळी पट्टी अंधारी होते, आणि कित्येक संचांत रक्षक यंत्रणा सारेच दिवे बंद करते. दुकानात झगझगीत दिसावे म्हणून नव्या संचात उजेड पूर्ण चढवून ठेवलेला असतो. घरी आणल्यावर तो उतरवून निम्म्यापेक्षा थोडा वर ठेवावा. डोळ्यांनाही बरे, दिव्यांनाही बरे, आणि विजेचीही बचत. हे करावयास एक पैसाही लागत नाही. परंतु आयुष्य वाढविणारा याहून मोठा उपाय दुसरा नाही.

आमच्या प्रदेशातील शत्रू

दमणगंगेच्या या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो. वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक. पाऊस येताना आणि जाताना, म्हणजे मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत व पुन्हा ऑक्टोबरात, विजा कडाडतात. संचाचा सर्वांत मोठा वैरी हाच. वीज घरावरच पडावी लागते, असे नाही. दूर कोठे तारांवर पडली, तरी क्षणभर वाढलेला दाब तारेवाटे घरात शिरतो आणि आतले भाग जाळून टाकतो. छतावरील छत्रीची तार हीसुद्धा त्याची एक वाट असते. यास्तव ढग दाटून येऊ लागताच, गडगडाट जवळ येण्यापूर्वी, संचाचा प्लग भिंतीतून काढावा आणि छत्रीची तारही खोक्यातून सोडवावी. केवळ रिमोटने बंद केलेला संच विजेच्या दृष्टीने बंद नसतो. आणि वीज डोक्यावर कडाडत असताना तारांना हात लावू नये. संच गेला तरी चालेल, माणूस महत्त्वाचा.

विजेच्या दाबाविषयी लोकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, स्टॅबिलायझर हवाच; दुसरा म्हणतो, नव्या संचाला त्याची गरज नाही. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. आपल्याकडील ठरीव दाब २३० व्होल्टचा. आजच्या बऱ्याच संचांच्या मागे ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असते, आणि असे संच कमी दाबावरही निमूटपणे चालतात. त्यांना भय असते ते अधिक दाबाचे. खांबावरील न्यूट्रल तार तुटली की घरात ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. ज्या वस्तीत असे प्रकार वारंवार घडतात, तेथे जादा दाब येताच वीज तोडणारा स्टॅबिलायझर लावणे शहाणपणाचे. अन्य ठिकाणी चांगली अर्थिंग आणि एक बरासा स्पाइक गार्ड पुरतो. मात्र स्पाइक गार्डही झिजतो. मोठा धक्का सोसल्यावर तो बदलावा.

तिसरा शत्रू ओल. पावसाळ्यात संच महिना-महिना बंद ठेवण्यापेक्षा दररोज थोडा वेळ चालविणे चांगले. आतल्या उबेने दमटपणा निघून जातो. पाली, मुंग्या आणि झुरळे उबेला येऊन आत घर करतात. त्यासाठी संचाच्या आसपास खरकटे राहू देऊ नये आणि आत औषधाचे फवारे मारू नयेत. पडदा मऊ कोरड्या फडक्याने, संच बंद असताना, हलक्या हाताने पुसावा. पाणी, साबण, स्पिरिट थेट पडद्यावर कधीही उडवू नये. कडेने ओघळलेला एक थेंबही आतली जोडणी बिघडविण्यास पुरेसा होतो.

खानवेल, दुधनी या बाजूच्या पाड्यांतून कारवीच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या भिंतींची घरे अजून आहेत. अशा भिंतीला संच टांगू नये. जड बुडाच्या बुटक्या मेजावर तो ठेवावा आणि मागून दोरीने किंवा पट्टीने खांबाला बांधावा. लहान मूल मेजावर चढू पाहते आणि संच अंगावर ओढून घेते, असे अपघात जगभर घडलेले आहेत. ज्या घरात रांगते मूल आहे, तेथे हे काम उद्यावर टाकू नये.

दुखणे ओळखण्याच्या काही खुणा

कारागिराला बोलाविण्यापूर्वी घरच्या घरी थोडी पारख करता येते. चित्राच्या जागी ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येत असेल, तर संच बहुधा ठीक आहे. दोष छत्रीत, तारेत किंवा खोक्यात शोधावा. मुसळधार पावसात चित्राचे तुकडे पडतात, तोही संचाचा दोष नव्हे; आकाशातून येणाऱ्या लहरी पाऊसच शोषून घेतो.

आवाज येतो पण पडदा काळा आहे, असे झाल्यास खोलीत अंधार करून बॅटरीचा प्रकाश पडद्याजवळ तिरपा धरावा. अंधुक चित्र हलताना दिसले, तर पडदा शाबूत असून मागील दिव्यांच्या पट्ट्या गेल्या आहेत. हे काम दुरुस्त होण्याजोगे आहे. तांबडा दिवा लागतो किंवा मिचकावतो आणि संच सुरूच होत नाही, तर पुष्कळदा वीज सांभाळणाऱ्या पाटीतील ते कपॅसिटरच सुकलेले असतात. हे तर आणखी स्वस्तातले काम. परंतु पडद्यावर वरपासून खालपर्यंत रंगीत उभ्या रेघा आल्या, किंवा चेंडू लागून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग पडली, तर दोष पॅनेलचा समजावा. पॅनेल हा संचातील सर्वांत महाग भाग. तो बदलण्याचा खर्च बहुधा नव्या संचाच्या जवळ जातो.

अजून कोणाकडे जुना पिक्चर ट्यूबचा, म्हणजे आपण ज्याला डबा म्हणतो तो टीव्ही असेल, तर त्याची लक्षणे निराळी. चित्र यावयास दोन-चार मिनिटे लागणे, ते पुसट व पसरट दिसणे, एखादा रंग नाहीसा होणे, ही ट्यूब थकल्याची चिन्हे. मात्र पडद्याच्या मध्यावर एकच आडवी पांढरी रेघ उरली, तर घाबरू नये. तो एका लहानशा भागाचा दोष असतो.

येथे एक ताकीद. संचाची पाठ घरी कोणीही उघडू नये. ट्यूबच्या संचात वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो. सपाट संचाच्या विजेच्या पाटीवरही तीनशे व्होल्टच्या वर दाब साठलेला असू शकतो. दोनशे रुपये वाचविण्याच्या नादात जिवावर बेतू नये.

वर्षाचा भाव काढावा

आता मुख्य प्रश्न : दुरुस्त करावा की बदलावा? दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर नवा घ्यावा, असा एक ठोकळ नियम सांगितला जातो. तो वाईट नाही. परंतु आम्ही आमच्या वाचकांना त्याहून नेमका असा एक हिशेब सुचवितो. त्याला वर्षाचा भाव म्हणावे.

समजा, नवा ३२ इंची संच १२,००० रुपयांस मिळतो आणि तो आठ वर्षे चालेल. म्हणजे वर्षाचा भाव १५०० रुपये पडला. आता जुन्या संचाच्या दुरुस्तीस कारागीर २५०० रुपये मागतो, आणि संच सहा वर्षांचाच असल्यामुळे तो आणखी तीन वर्षे चालेल असा अंदाज आहे. वर्षाचा भाव सुमारे ८३३ रुपये. दुरुस्ती स्वस्त ठरली. उलट, संच अकरा वर्षांचा आहे, दुरुस्तीस ६००० लागणार आहेत आणि पुढे दोन वर्षांचीही खात्री नाही. वर्षाचा भाव ३००० रुपये. येथे दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. हा हिशेब सहावीतील मूलही करू शकेल. घरातील मुलांकडूनच तो करवून घ्यावा, म्हणजे पैशाचे मोल त्यांनाही कळेल.

कारागिराला तीन गोष्टी विचाराव्यात : कोणता भाग गेला आहे, तो नवा मिळणार की जुन्या संचातून काढलेला, आणि कामाची हमी किती महिन्यांची. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. सरळ उत्तरे देणारा कारागीर सापडला, तर त्याला जपावे.

‘नवा संच वीज कमी खातो, म्हणून तो परवडतो,’ असेही दुकानात सांगतात. पाहू या. जुना २१ इंची ट्यूबचा संच सुमारे ९० वॅट घेतो. नवा ३२ इंची एलईडी सुमारे ४०. फरक ५० वॅटचा. रोज पाच तास धरले तर वर्षाला सुमारे ९१ युनिट वाचतील. युनिटला पाच रुपये धरले तर सुमारे ४५५ रुपये. बारा हजार रुपये या वाटेने वसूल व्हावयास सव्वीस वर्षे लागतील. तेव्हा केवळ विजेसाठी चालता संच टाकू नये. आणि जुना सपाट संच देऊन नवा सपाट संच घेणाऱ्याला तर हा फरक याहूनही थोडा मिळेल. मोठा पडदा घेतला, तर बिल वाढेलही.

संच धडधाकट, पण काळ पुढे गेलेला

कधी कधी संचाला काहीच झालेले नसते. भोवतालची व्यवस्थाच बदलते. अमेरिकेने १२ जून २००९ रोजी जुन्या पद्धतीचे प्रमुख प्रक्षेपण थांबविले, जपानने बहुतांश भागांत २४ जुलै २०११ रोजी, ब्रिटनने २४ ऑक्टोबर २०१२ रोजी. त्या दिवशी लक्षावधी चांगले संच मुके झाले असते. परंतु एक लहानसे खोके जोडताच ते पुन्हा बोलू लागले. अमेरिकन सरकारने तर त्यासाठी कुटुंबांना चाळीस डॉलरची कुपने दिली होती. आपल्याकडे २०१२ च्या अखेरीस मुंबईसारख्या महानगरांपासून आरंभ होऊन २०१७ पर्यंत केबल डिजिटल झाली, आणि दूरदर्शनचे बहुतेक जुने क्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले. तरीही छत्री आणि खोके जोडून जुने डबे चालत राहिले. २००४ साली सुरू झालेली दूरदर्शनची विनाशुल्क छत्री खेड्यांतील किती तरी घरांना अजूनही महिन्याच्या खर्चावाचून कार्यक्रम पुरविते.

हाच न्याय आजच्या ‘स्मार्ट’ संचांस लावावा. त्यांत एक छोटा संगणकच असतो, आणि त्याची आज्ञावली पडद्याच्या आधी म्हातारी होते. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या संचांवरील आपली सेवा थांबविली, तेव्हा त्या संचांचे पडदे ठणठणीत होते. अशा वेळी संच बदलण्याचे कारण नाही. मागच्या खाचेत लावावयाची एक काडी, म्हणजे स्टिक, नव्या संचाच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते आणि जुन्या पडद्याला नवी बुद्धी देते.

केव्हा बदलावाच?

काटकसर हा गुण आहे. परंतु काही प्रसंगी जुन्याला चिकटून राहणे धोक्याचे असते. संचातून जळका वास येणे, धूर निघणे, चरचर आवाज होणे, प्लग किंवा पाठ हाताला चटका बसेल इतकी तापणे, धातूच्या भागाला हात लावताच मुंग्या येणे, यांपैकी काहीही दिसले तर प्लग ताबडतोब काढावा आणि कारागिराने निर्वाळा दिल्याशिवाय संच पुन्हा लावू नये. पॅनेल फुटले, किंवा एकाच वर्षात तीनदा दुरुस्ती करावी लागली, किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तरी निरोप देण्याची वेळ आली, असे समजावे.

सुट्या भागांचा प्रश्न लहान नाही. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादेजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता, आणि घरोघरी त्याचे संच होते. २०१८ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. एवढे मोठे नावही कायमचे नसते, हे यावरून दिसते. म्हणून नवा संच घेताना, सिल्वासा किंवा वापी येथे त्याची दुरुस्ती करणारे अधिकृत केंद्र आहे की नाही, हे आधी विचारावे. फारसे न ऐकलेल्या नावाचा संच दोन हजारांनी स्वस्त मिळेल. परंतु त्याचा एक भाग मिळाला नाही, तर ती स्वस्ताई फार महाग पडते.

आणखी दोन-तीन गोष्टी. खोली दहा फुटांची असेल, तर ३२ किंवा ४० इंची संच पुरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तरी कर उतरला म्हणून गरजेपेक्षा मोठा पडदा घेणे म्हणजे बचत नव्हे. ‘शून्य व्याजाचे’ हप्ते नीट तपासावेत. शून्य व्याज असे वस्तुतः काही नसते, या कारणाने रिझर्व्ह बँकेने २०१३ साली अशा योजनांविषयी बँकांना हटकले होते. व्याज न दिसले, तरी ते प्रक्रिया शुल्कात किंवा न दिलेल्या सवलतीत दडलेले असते. रोखीचा भाव आणि सर्व हप्त्यांची बेरीज, असे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पक्के बिल घ्यावे. हमीच्या मुदतीत दुकानदाराने टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

जुन्या संचाची विल्हेवाट

जुना संच परसात फेकू नये, आणि भंगारवाल्यासमोर मुलांना खेळू देऊ नये. ट्यूबच्या काचेत शिसे असते. आतली हवा काढून घेतलेली असल्यामुळे घाव बसताच ती स्फोटासारखी फुटते. आतील तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, तो धूर विषारी असतो. आरंभीच्या सपाट संचांतील नळ्यांत पाराही असे. हे सारे शेवटी विहिरीच्या आणि नदीच्या पाण्यात उतरते. ई-कचऱ्याविषयीचे पहिले नियम १ मे २०१२ पासून आणि सुधारलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. जुन्या मालाची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. नवा संच घेताना जुना त्याच दुकानात द्यावा, किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पोहोचवावा. संच चालता असेल आणि केवळ हौसेने बदलला असेल, तर तो एखाद्या अंगणवाडीला, वसतिगृहाला किंवा एकाकी वृद्धाला द्यावा. मात्र बिघडलेली वस्तू दान म्हणून देऊ नये. ते दान नव्हे, आपला भार दुसऱ्यावर टाकणे होय.

शेवटी एक साधी सूचना. आजच संचाच्या मागच्या बाजूस कागदाची एक चिठ्ठी चिकटवावी. तीवर खरेदीची तारीख, किंमत, आणि पुढे जी जी दुरुस्ती होईल तिची तारीख व खर्च लिहीत जावे. बिल आणि हमीपत्र रेशनकार्डाशेजारी ठेवावे. मग ज्या दिवशी पडदा काळा होईल, त्या दिवशी दुकानाचा फलक किंवा शेजाऱ्याचा नवा संच आपल्या वतीने निर्णय घेणार नाही. आईवडिलांनी व मुलांनी ती चिठ्ठी पुढे ठेवून, वर्षाचा भाव काढून, घरातील बाकीच्या गरजा आठवून तो निर्णय एकत्र घ्यावा. असा निर्णय दुरुस्तीचा असो वा नव्या खरेदीचा, त्याचा पश्चात्ताप करण्याची वेळ सहसा येत नाही.